झोप तुकड्यातुकड्यानं लागते

प्रश्न असा आहे: डोळे मिटल्यापासून झोप लागेपर्यंत मेंदूत आणि शरीरात नेमकं काय बदलतं? मधेच खड्ड्यात पडल्यासारखं दचकायला का होतं? आणि घरचे "घोरत होतास" म्हणत असताना आपण शपथेवर "जागाच होतो" असं का सांगतो?

तिन्हींचं मूळ एकच आहे. मेंदूचे वेगवेगळे भाग आणि शरीर एकाच वेळी झोपत नाहीत. रात्री घर आवरताना आधी ओसरीतला दिवा मालवावा, मग स्वयंपाकघरातला, मग माजघरातला, तसं हे चालतं. मधल्या काही मिनिटांत अर्धं घर अंधारात आणि अर्धं उजेडात असतं. झोप लागतानाचे बहुतेक विचित्र अनुभव त्या मधल्या मिनिटांतले आहेत.

हे कशावरून म्हणायचं? झोपेच्या तपासणीत डोक्याच्या पुढे, मध्ये आणि मागे इलेक्ट्रोड लावतात. डोळ्यांच्या बाहेरच्या कडांजवळ एकेक, हनुवटीवर काही, नडगीजवळच्या स्नायूवर, शिवाय नाकाशी श्वासाची बारीक नळी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला ऑक्सिजनची चिमटी. (केस शाम्पूनं धुऊन, तेल न लावता या असं बजावूनही बरेच जण चापून तेल लावून येतात. तेलाच्या थरावर इलेक्ट्रोड धरत नाही, रोध ५ किलोओहमच्या वर जातो आणि रात्रभर त्या रेषेवर नुसती खरखर दिसते.) दिवा मालवण्याआधी तंत्रज्ञ माणसाकडून एक छोटी उजळणी करून घेतो: ३० सेकंद डोळे उघडे, ३० सेकंद मिटलेले, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, दात आवळा, श्वास रोखा. त्या माणसाच्या जागेपणीच्या रेषा कशा दिसतात हे आधी कळलं, तरच पुढे त्यात काय बदललं ते सांगता येतं.

डोळे मिटून शांत पडल्यावर डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची नीटस, एकसारखी लहर उमटते. तिला अल्फा म्हणतात. माणसाच्या मेंदूच्या विजेचा पहिला आलेख जर्मनीत येना इथे हान्स बर्गरनं १९२४ मध्ये काढला आणि १९२९ मध्ये छापला. अल्फा लहरींची ओळख जगाला त्यातूनच झाली. पेंग येऊ लागली की ही लहर तुटायला लागते. दोन सेकंद जाते, पाच सेकंद परत येते, पुन्हा जाते. तिच्या जागी सेकंदाला ४ ते ७ आवर्तनांच्या, कमी उंचीच्या, वेड्यावाकड्या लहरी येतात. आलेख ३० सेकंदांच्या पानांत वाचतात. पानाच्या अर्ध्याहून जास्त भागात अल्फा नसेल, तर ते पान झोपेच्या पहिल्या पायरीचं धरायचं, असा नियम आहे. नियम म्हणजे शेवटी सोयीची रेघ, निसर्गानं तिथे काही खूण करून ठेवलेली नाही. दहातल्या एखाद्या माणसात तर डोळे मिटूनही अल्फा जवळपास दिसतच नाही. तिथे डोळ्यांच्या रेषेवर भिस्त ठेवावी लागते.

ती रेषा निवांत बघण्यासारखी असते. जागेपणी नजर झटक्यानं उडते, त्यामुळे रेषेला टोकदार कोपरे असतात. झोप लागताना पापण्यांखाली बुबुळं सावकाश, लंबकासारखी एका कडेकडून दुसऱ्या कडेला वाहतात आणि रेषा गुळगुळीत लाटांची होते. पेंगणाऱ्या माणसाच्या मिटलेल्या पापण्यांकडे आडव्या उजेडात पाहिलं, तर हे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं.

पहिली पायरी साधारण १ ते ७ मिनिटं चालते. हातातला मोबाइल नाकावर आपटतो तो इथेच, कारण बोटांची पकड सैल होते. लोकलमध्ये दांड्याला धरून उभ्यानं डुलकी घेणारा माणूसही फार तर याच पायरीवर असतो. आणखी खाली उतरला तर मान आणि गुडघे दगा देतात. डोळ्यांपुढे रंगाचे ठिपके, चेहरे, दिवसभर केलेल्या कामाचे तुकडे तरळतात. दिवसभर भात लावणाऱ्याला चिखलातल्या रांगा दिसाव्यात, तसं. विचारांची साखळी अजून चालू असते, पण तिच्यातली कडी भलत्याच कडीत अडकते आणि त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही, कारण चूक पकडणारा मेंदूचा पुढचा भाग आधीच मंदावलेला असतो. या अवस्थेचा एक उपयोगही आहे. पॅरिसमधल्या २०२१ च्या एका प्रयोगात गणिताच्या कोड्यातली छुपी युक्ती सापडणाऱ्यांचं प्रमाण जागे राहिलेल्यांत ३० टक्के होतं, तर पहिल्या पायरीत किमान १५ सेकंद घालवलेल्यांत ८३ टक्के. जे त्याच्या पुढच्या पायरीवर उतरले, त्यांचा फायदा नाहीसा झाला.

दुसऱ्या पायरीला आलेखावर दोन ठळक खुणा येतात. एक म्हणजे सेकंदाला ११ ते १६ आवर्तनांचा, चातीवरच्या सुतासारखा मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता झुबका, किमान अर्ध्या सेकंदाचा. दुसरी म्हणजे एकदम वर जाऊन खोल खाली येणारी एकटीच मोठी लहर. दार वाजलं, भांडं पडलं की ही लहर बऱ्याचदा उमटते आणि माणूस झोपूनच राहतो. आवाज मेंदूपर्यंत पोचलेला असतो, त्याची दखलही घेतली जाते, फक्त वर कळवलं जात नाही. झोपेत स्वतःचं नाव कानावर पडलं तर ही लहर दुसऱ्या कुणाच्या नावापेक्षा जास्त वेळा उमटते. आपल्याला शंभर टक्के झोप लागली होती असं दुसऱ्या पायरीपासून म्हणावं. गाढ झोप, म्हणजे पानाचा पाचवा हिस्सा तरी संथ आणि उंच लहरींनी भरणं, निरोगी तरुणात आणखी १५ ते ३० मिनिटांनी येते.

आता मेंदूत झोपेचं बटण कुठे आहे ते पाहू. १९१६-१७ च्या सुमारास व्हिएन्नात कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो हा डॉक्टर मेंदूच्या एका साथीच्या आजाराचे रोगी पाहत होता. काही रोगी दिवसचे दिवस झोपायचे, काहींच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. शवविच्छेदनात दिसलं की ज्यांच्या हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाच्या, मागच्या बाजूला इजा झाली होती ते झोपाळू झाले होते आणि ज्यांच्या पुढच्या बाजूला इजा झाली होती त्यांची झोप उडाली होती. आज त्याची फोड अशी होते: मागच्या भागातल्या आणि मेंदूच्या देठातल्या पेशी हिस्टामिन, नॉरॲड्रेनॅलिन, सेरोटोनिन, ओरेक्सिन अशा रसायनांनी मेंदूला जागं ठेवतात. पुढच्या भागातला पेशींचा एक छोटा पुंजका गाबा नावाचं रसायन सोडून त्यांना गप्प करतो. आणि हे दोन्ही गट एकमेकांना दाबतात. बागेतल्या सी-सॉवर एक बाजू थोडी जड झाली की ती सरळ खालीच जाते, मध्ये टिकत नाही. म्हणून मिनिटभर पेंगत असलेला माणूस बघता बघता झोपी जातो. ओरेक्सिनच्या पेशी ज्यांच्यात नष्ट झालेल्या असतात, त्यांच्यात हा सी-सॉ भलत्या वेळी कलतो; नार्कोलेप्सी हा आजार तो हाच. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, कारण त्या मेंदूतल्या हिस्टामिनलाही अडवतात.

सी-सॉ कलवणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, जागेपणी मेंदूत साठत जाणारं ॲडेनोसिन: जितके तास जागे, तितकं जास्त. दुसरी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर बसलेलं सुमारे २०,००० पेशींचं शरीराचं घड्याळ. गंमत अशी की हे घड्याळ नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोनेक तास उलट जागेपणाच्या बाजूला जोर लावतं. पहाटे पाचची गाडी आहे म्हणून एरवी अकराला झोपणारा माणूस नऊला अंथरुणावर पडतो आणि नुसता कूस बदलत राहतो, तो यामुळे. त्यात निद्रानाश वगैरे काही नाही.

"जागाच होतो" हा वाद मिटवायला आणखी एक गोष्ट हवी. कान, डोळे, कातडी यांच्याकडून आलेला निरोप थॅलॅमस या मेंदूच्या मधोमध असलेल्या भागातून मेंदूच्या बाहेरच्या थराकडे जातो. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी ज्यांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवलेले होते, अशा रोग्यांची नोंद फ्रान्समध्ये घेतली गेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं की झोप लागताना थॅलॅमस आधी मंदावतो आणि बाहेरचा थर त्याच्यामागून काही मिनिटांनी. म्हणजे दार लोटून घेतलेलं असतं, पण आतल्या खोलीत गप्पा चालूच असतात. त्या गप्पा आपल्याला आठवतात, म्हणून आपण स्वतःला जागे समजतो. शिवाय झोप पक्की लागली की तिच्या आधीच्या काही मिनिटांची आठवण साठवली जात नाही. झोप लागल्याचा क्षण कुणालाच आठवत नाही तो म्हणूनच. पहिल्या पायरीतून उठवलं तर अनेक जण "जागाच होतो" म्हणतात आणि खोटं बोलत नसतात. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्यांत हे अधिक होतं: आलेखात पाच-सहा तास झोप दिसते आणि माणूस म्हणतो, दोन तास तरी लागली की नाही शंका आहे. अशा माणसाला "तू झोपला होतास" म्हणून गप्प करण्यात अर्थ नसतो. त्याचा मेंदू झोपेतही पुरता मंदावत नाही, म्हणून ती झोप झोपेसारखी वाटत नाही.

दचकण्याचं म्हणाल, तर स्नायूंचा ताण उतरत असताना मेंदूच्या देठातून अचानक एक फटका सुटतो आणि पाय, हात किंवा सगळं अंग एकदाच उडतं. सोबत पडल्याचा भास, क्वचित डोळ्यांपुढे लख्ख उजेड. हा अनुभव बहुतेकांना कधी ना कधी येतो. थकवा, जागरण, ताण, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी यांनी तो वाढतो. कुणाकुणाला अंग उडण्याऐवजी डोक्यात फटाका फुटल्यासारखा आवाज येतो; दुखत मात्र काही नाही. दोन्ही निरुपद्रवी आहेत आणि तपासणी लागत नाही. पण दोन गोष्टींशी गल्लत करू नये. झोप लागल्यावर दर ५ ते ९० सेकंदांनी पाय ठेक्यात झटकत असतील, तर ते वेगळं प्रकरण आहे आणि बहुधा शेजारी झोपणाराच ते सांगतो. आणि संध्याकाळी आडवं झाल्यावर पोटऱ्यांत वळवळल्यासारखं होऊन पाय हलवावेसेच वाटत असतील, चालल्यावर बरं वाटत असेल, तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, तपासा. प्रयोगशाळेच्या कागदावर २० किंवा ३० 'नॉर्मल' म्हणून छापून येतं. या विकारात मात्र ७५ किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत आणि गरोदरपणी हे फार वेळा सुटून जातं. "पाय चेपून घे" एवढ्यावर वर्षं निघतात.

श्वासाकडे लोकांचं लक्ष कमी जातं, पण बिघाड तिथेच जास्त. जागेपणी श्वास दोन कारणांनी चालतो: रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणि नुसतं जागं असणं. झोप लागताना दुसरा आधार निघून जातो. झोपलेल्या मेंदूला श्वास घ्यायला लावण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा दाब जागेपणीपेक्षा ३ ते ७ मिलिमीटर पाऱ्यानं जास्त लागतो. तो तिथवर चढेपर्यंत काही सेकंद श्वास थांबतो. चढला की खोल श्वास येतो, त्यानं क्षणभर जाग येते, जाग आली की जुनं, खालचं प्रमाण लागू होतं, आणि पुन्हा तेच. झोप लागताना असे दोन-चार हेलकावे निरोगी माणसातही दिसतात. हृदय कमजोर असलेल्यांत, किंवा लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीवर पहिल्या रात्री, ते लांबतात आणि "झोप लागली की श्वास अडकतो" अशी तक्रार येते.

घोरण्याचं कारण वेगळं. जीभ पुढे धरून ठेवणाऱ्या स्नायूचा जागेपणीचा जादा ताण झोपेच्या पहिल्या काही श्वासांतच उतरतो आणि घशाची वाट अरुंद होते. म्हणून पहिल्या पायरीतला, अजून स्वतःला जागा समजणारा माणूसही घोरतो. वाट १० सेकंद किंवा जास्त बंद पडून श्वास अडला, किंवा ३० टक्क्यांनी तरी मंदावून ऑक्सिजन घसरला, आणि तासाला असं ५ किंवा अधिक वेळा झालं, तर त्याला विकार म्हणतात. ३० च्या वर गेलं तर तीव्र. घोरणं मधेच एकदम थांबून मग धाप लागल्यासारखा आवाज येत असेल, तर तपासणी टाळू नये. नुसत्या सलग घोरण्यापेक्षा ती शांतता जास्त काळजीची.

शरीराचं तापमान हा झोप लागण्यातला सगळ्यात कमी वापरला जाणारा दुवा आहे. झोपेच्या वेळी तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ते गरम होतात आणि तिथून उष्णता बाहेर टाकून शरीराचा गाभा थंड होतो. रात्रभरात साधारण १ अंश सेल्सियसनं. पाय जितके गरम, तितकी झोप लवकर. झोपायच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्यानं दहा मिनिटं अंघोळ केली, तर कातडीकडे रक्त धावतं, मग गाभा थंड होतो, आणि झोप लागायला लागणारा वेळ सरासरी दहाएक मिनिटांनी कमी होतो. झोपायच्या अगदी तोंडावर केलेली कडकडीत अंघोळ मात्र उलटते. आपल्याकडे तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीनं चोळतात, त्यात पाय गरम होण्याचा आणि कुणीतरी पाय चोळून देत असल्याचा सुखाचा भाग खरा. वाटीखाली येणारा काळेपणा म्हणजे 'बाहेर आलेली उष्णता' हे मात्र खरं नाही; तो घासल्या गेलेल्या धातूचा आहे. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर किंवा ओली चादर काम करते. मुंबई-कोकणात हवाच दमट, घाम वाळत नाही, तिथे ओल्या चादरीनं फक्त चिकचिक होते. पंख्याचा वारा अंगावर हवा.

आडवं झाल्यापासून १० ते २० मिनिटांत झोप लागणं हे ठीक. रोज दोन मिनिटांत लागत असेल, तर लोक त्याला वरदान म्हणतात, पण बऱ्याचदा ती झोपेची थकबाकी असते. अर्ध्या तासाहून जास्त, आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने, आणि दिवसा त्याचा त्रास, असं झालं की निद्रानाश म्हणायचं. चहाचा हिशेब आधी तपासा. कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं आणि निम्मं व्हायला सुमारे ५ तास घेतं. संध्याकाळी पाचला दोन कप चहातून ८० मिलिग्रॅम गेलं, तर रात्री दहाला ४० उरतं. दुपारच्या झोपेचंही तसंच: वामकुक्षी म्हणजे जेवून थोडा वेळ डाव्या कुशीवर पडणं, चारपर्यंत घोरणं नाही. त्या दोन तासांत रात्रीसाठी साठवलेलं ॲडेनोसिन खर्च होतं.

तरीही झोप येत नसेल, तर सर्वात जास्त उपयोगी पडणारा उपाय ऐकायला उलटा वाटतो: अंथरुणातला वेळ कमी करा. दोन आठवडे वही ठेवा. समजा रात्री १० ते सकाळी ६.३०, म्हणजे साडेआठ तास पडून राहता आणि झोप साडेपाच तास लागते. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी ६५ टक्के झोप. मग उठायची वेळ सकाळी ६ ला बांधून टाका आणि १२.३० च्या आधी अंथरुणाकडे जाऊच नका. पाच तासांच्या खाली कधीही जायचं नाही. आठवडाभर झोपेचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर राहिलं, की १५ मिनिटं वाढवायची. पहिला आठवडा वाईट जातो आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात. अपस्मार किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी आणि गाडी-यंत्र चालवणाऱ्यांनी हे डॉक्टरांशिवाय करू नये. झोप येत नसताना अंदाजे पंधरा-वीस मिनिटांनी उठून दुसरीकडे बसावं, घड्याळ न बघता. 'आता लागली पाहिजे' हा विचार जागेपणाच्या बाजूवर बसलेलं वजन आहे. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती उतरताना झोप तुटत राहते, आणि घशाचे स्नायू आणखी सैल पडल्यानं घोरणंही वाढतं.

हीच पहिली पायरी स्टिअरिंगमागे आली तर तिला डुलकी म्हणून भागत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगानं समृद्धी महामार्गावर गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून १३० मीटर. डोळे उघडे असले तरी निरोप आत पोचत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे ती डुलकी आठवतही नाही, म्हणून चालकाला वाटतं आपण जागेच होतो. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील, गाडी पट्ट्यावरून सरकत असेल, पापण्या जड होऊन सावकाश उघडत असतील, तर झोप आता येणार आहे असं नाही, ती येऊन गेलेली असते. काच खाली करणं आणि गाणी मोठ्यानं लावणं काही मिनिटांपलीकडे पुरत नाही. सुरक्षित थांब्यावर गाडी लावा, आधी कडक कॉफी किंवा दोन कप चहा घ्या आणि लगेच १५ ते २० मिनिटांचा गजर लावून सीट मागे करून पडा. कॅफिन चढायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, त्यामुळे ते तेवढ्या झोपेच्या आड येत नाही. उठल्यावर पाच-दहा मिनिटं चालून, तोंडावर पाणी मारून, मग किल्ली फिरवा.